र आणि ल : जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणीची पार्श्वभूमी

इंग्रजी शिकणारे जपानी विद्यार्थी ‘र’ आणि ‘ल’ यांत गल्लत करतात, त्याची मुळे जुनी आहेत. जपानी अक्षरांचा क्रम (का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा) ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षू सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून जी संस्कृत वर्णमाला शिकले, तिच्यावरूनच तो बसला. मात्र ‘य, र, ल, व’मधल्या ‘ल’ला तिथे जागा मिळाली नाही. जपानीत तो वेगळा ध्वनीच नव्हता.

इंग्रजी आली तीही आडवळणाने. १८०८ मध्ये ‘फेटन’ ही ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकीत शिरली. धास्तावलेल्या शोगुनशाहीने (जपानच्या तेव्हाच्या लष्करी राजवटीने) डच भाषेच्या दुभाष्यांना इंग्रजी शिकायला लावले. शिकवणाराही डचच असल्याने उच्चार डच वळणाचे झाले. इंग्रजी ही मातृभाषा असलेला शिक्षक, रॅनल्ड मॅकडोनल्ड, १८४८ मध्ये लाभला, तोही परवानगीशिवाय जपानात शिरल्याने नजरकैदेत असताना. दुभाषे ‘ल’चा ‘र’ करतात, हे त्याने तेव्हाच नोंदवले. पुढे मेइजी काळात (१८६८–१९१२) उच्चार बाजूला ठेवून पुस्तके वाचून अर्थ लावण्याची पद्धत रुजली आणि कान कच्चाच राहिला. इंग्रजी ‘व्ह’चेही (v) असेच झाले: लेखक-विचारवंत फुकुझावा युकिची यांनी त्याआधीच, १८६० मध्ये, त्यासाठी नवे अक्षर चालवून पाहिले, तरी तोंडी ‘ब’च राहिला. (मराठीभाषकांनी हसू नये, इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ (v आणि w) आपणही एकाच अक्षरात कोंबतो.)

जपानी ‘रा’ म्हणताना जिभेचे टोक हिरडीला एकदाच टेकून सुटते. इंग्रजी ‘ल’ला ते टेकलेलेच ठेवावे लागते, अमेरिकी ‘र’ला जीभ कुठेच टेकत नाही आणि ओठ किंचित गोल होतात. तोंडाची ही ठेवण आरशासमोर जमते, पण तेवढ्याने भागत नाही. काही जपानी लोक दोन्ही ध्वनी नीट उच्चारतात, तरी ऐकताना त्यांची गल्लत होते, हे १९७१ मध्ये गोतो या संशोधकाने दाखवले. दोन ध्वनींतला मुख्य फरक तिसऱ्या फॉर्मंटमध्ये (तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंपनपट्ट्यांपैकी तिसऱ्या पट्टीत) असतो: ‘र’ला तो साधारण २००० हर्ट्झच्या खाली उतरतो, ‘ल’ला वरच राहतो. जपानी कान तिकडे लक्षच देत नाही.

कानाची तालीम मात्र घेता येते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाना विद्यापीठाच्या प्रयोगात, अमेरिकेत राहणाऱ्या सहा जपानी श्रोत्यांना तीन आठवडे ‘र–ल’च्या शब्दजोड्यांतला एकेक शब्द वेगवेगळ्या पाच आवाजांत ऐकवून तो कोणता, हे विचारले. प्रत्येक उत्तर बरोबर की चूक, हे तिथल्या तिथे सांगितले जाई. अचूकता ७८ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेली. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकून सराव केला की कान त्या आवाजालाच सरावतो, म्हणून आवाज बदलते हवेत. शब्दाच्या शेवटी फरक लवकर कळतो. ‘ग्लास–ग्रास’सारख्या जोडाक्षरांत तो सर्वांत उशिरा पकडीत येतो.