गोंझागा घराणे

उत्तर इटलीतील मांतुआ (इटालियन उच्चार मांतोव्हा) येथे १३२८ ते १७०८ या काळात सत्तेवर असलेले राजघराणे. मिंचो नदीच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलेले हे शहर मिलान आणि व्हेनिस या दोन बलाढ्य सत्तांच्या मधोमध वसलेले होते. मुलूख लहान आणि शेजारी भुकेले, तरीही हे घराणे पावणेचारशे वर्षे टिकले. पदरची फौज मोल घेऊन शेजाऱ्यांना पुरवणे, मोठ्या घराण्यांशी सोयरिकी जुळवणे आणि दरबाराचा डौल वाढवत नेणे, हे त्यांचे राज्य सांभाळण्याचे मार्ग होते.

मूळचे कोर्रादी आडनावाचे हे जमीनदार. गोंझागा हे त्यांच्या गावाचे नाव. १६ ऑगस्ट १३२८ रोजी लुईजी गोंझागाने व्हेरोनाच्या कांग्रांदे देल्ला स्काला याच्या मदतीने सत्ताधारी बोनाकोल्सी घराण्याविरुद्ध उठाव केला. त्यात पास्सेरीनो बोनाकोल्सी मारला गेला आणि शहर गोंझागांच्या हाती आले. १४३३ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सिगिसमुंड याने जानफ्रांचेस्कोला ‘मार्क्विस’ केले, तर १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने फेदेरिको दुसरा याला ‘ड्यूक’ ही त्याहून वरची पदवी दिली. पुढे फेदेरिकोची पत्नी मार्गेरीता पालेओलोगा हिच्या वारशाने १५३६ मध्ये माँफेराचा प्रदेशही राज्याला जोडला गेला. तो मांतुआपासून दूर, पार पश्चिमेला होता. या वारशानेच पुढे घराण्याला युद्धांत ओढले.

पंधराव्या शतकात हा दरबार खऱ्या अर्थाने बहरला. जानफ्रांचेस्कोने १४२३ मध्ये व्हित्तोरीनो दा फेल्त्रे या शिक्षकाला बोलावून घेतले. त्याच्या शाळेत राजपुत्रांबरोबर गरिबांची हुशार मुलेही शिकत. तिथेच वाढलेल्या लुदोव्हिको गोंझागाने वास्तुविशारद आल्बेर्तीकडून सांत आंद्रेआ चर्चचा आराखडा करून घेतला आणि १४६० मध्ये आंद्रेआ मांतेन्या या चित्रकाराला कायमचे पदरी ठेवले.

मांतेन्याने सान जॉर्जो किल्ल्यातील एका चौकोनी दालनाच्या भिंती रंगवल्या. हे काम १४७४ मध्ये पुरे झाले. दालन ‘कामेरा देल्यी स्पोझी’ या नावाने प्रसिद्ध आहे. एका भिंतीवर लुदोव्हिको हातात पत्र घेऊन चिटणिसाकडे वळलेला दिसतो. शेजारी पत्नी बार्बारा, भोवती मुले आणि दरबारी, आणि धन्याच्या आसनाखाली निवांत पहुडलेला लाडका कुत्रा. छताच्या मध्यावर आभाळाचा गोल झरोका रंगवलेला असून कठड्यावरून बायका खाली डोकावतात. एका दांडीवर झाडाची कुंडी अशी टेकवली आहे, की खाली उभ्या असलेल्याने नकळत बाजूला सरकावे. राज्यकर्त्याने स्वतःला रणांगणावर किंवा देवासमोर न दाखवता घरच्या माणसांत, कामाच्या कागदासह दाखवावे, हे त्या काळात नवेच होते.

लुदोव्हिकोचा नातू फ्रांचेस्को दुसरा हा पेशाने सेनापती. १४९५ मध्ये फोर्नोव्होच्या लढाईत त्याने फ्रेंचांविरुद्ध इटालियन संघाच्या फौजेचे नेतृत्व केले. जय कोणाचा झाला हे वादातच राहिले, पण त्याने तो आपलाच मानला आणि मांतेन्याकडून ‘विजयाची मरियम’ हे चित्र करवून घेतले. त्याचा खर्च मात्र दानिएले दा नोर्सा या ज्यू सावकाराच्या माथी मारला. आपल्या घराच्या भिंतीवरचे मरियमचे चित्र काढून टाकले, हा त्याचा गुन्हा ठरवला गेला होता. त्याच्या घराच्या जागी चर्च उभे राहिले. दरबाराच्या वैभवाची ही दुसरी बाजू कौतुकाच्या भरात सहसा झाकली जाते.

फ्रांचेस्कोची पत्नी, फेर्राराच्या घराण्यातील इझाबेला देस्ते, ही नवऱ्यापेक्षा सरस राज्यकर्ती होती. १५०९ मध्ये व्हेनिसने त्याला कैद केले तेव्हा कारभार तिनेच हाकला. लिओनार्दो दा विंचीने तिचे रेखाचित्र काढले. रंगवलेले चित्र मिळावे म्हणून तिने त्याचा बराच पिच्छा पुरवला, पण ते तिला मिळाले नाही. तिचा मुलगा फेदेरिको याने चित्रकार-वास्तुविशारद ज्यूलिओ रोमानोकडून शहराबाहेर ‘पालाझ्झो ते’ हा विलासी प्रासाद बांधून घेतला. त्यातील एका दालनात गोंझागांचे लाडके घोडे पूर्णाकृती रंगवलेले आहेत, तर दुसऱ्यात कोसळत्या खांबांखाली चिरडले जाणारे राक्षस आहेत.

व्हिन्चेन्झो पहिला (कारकीर्द १५८७–१६१२) हा उधळ्या, पण पारखी. चित्रकार रुबेन्स त्याच्या पदरी होता. रोममधील धर्मगुरूंनी नाकारलेले काराव्हाज्जोचे ‘मरियमचा मृत्यू’ हे चित्र त्याने रुबेन्सच्या सल्ल्यावरून विकत घेतले. संगीतकार मोन्तेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ मध्ये याच दरबारात सादर झाला. व्हिन्चेन्झो वारल्यावर त्याच्या वारसाने मोन्तेव्हेर्दीला नोकरीवरून काढून टाकले.

तिजोरीला पडलेले भगदाड मग चित्रे विकून बुजवले गेले. १६२७ पासून संग्रहातील उत्तमोत्तम चित्रे इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला विकली गेली. मांतेन्याची ‘सीझरचे विजय’ ही चित्रमालिका आजही हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहे. त्याच वर्षअखेर व्हिन्चेन्झो दुसरा निपुत्रिक मेला आणि गादीवर फ्रान्समधील नेव्हेर शाखेने हक्क सांगितला. सम्राट आणि स्पेनने विरोध केला. जुलै १६३० मध्ये सम्राटाच्या फौजांनी प्लेगने आधीच खंगलेले मांतुआ लुटले. १६३१ च्या केरास्कोच्या तहाने नेव्हेर शाखेला गादी मिळाली खरी, पण ती उजाड शहराची. शेवटचा ड्यूक फेर्दिनांदो कार्लो याने १६८१ मध्ये माँफेरातील काझालेचा किल्ला फ्रान्सला विकला. स्पॅनिश वारसायुद्धात तो फ्रान्सच्या बाजूने राहिला, १७०७ मध्ये त्याला राज्य सोडून पळावे लागले आणि पुढच्या वर्षी तो पादुआत मरण पावला. मांतुआ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे आणि माँफेरा सव्हॉय घराण्याकडे गेले.

धाकट्या शाखांपैकी ग्वास्ताल्ला शाखा १७४६ पर्यंत टिकली. साब्बिओनेता शाखेच्या व्हेस्पासिआनोने एका खेड्याचे आखीव नगर केले. ते आणि मांतुआ मिळून २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. कास्तिल्योने शाखेतील लुईजी (लॅटिन रूप अलोयशियस; १५६८–१५९१) याने वारसाहक्क सोडून जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात प्रवेश केला आणि रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करताना त्याला मरण आले. १७२६ मध्ये त्याला संतपद मिळाले. मंगळूरचे १८८० मध्ये सुरू झालेले सेंट अलोयशियस कॉलेज त्याच्याच नावाचे आहे.