गोळी सुटण्याआधीचा क्षण

पिस्तूल चालवायला नव्याने शिकणाऱ्या उजव्या हाताच्या पोलीस शिपायाचे टार्गेट पाहिले, तर बहुतेक वेळा गोळ्यांची भोके मधल्या वर्तुळाच्या खाली आणि डावीकडे एकवटलेली दिसतात. शिपायाची समजूत अशी असते की पिस्तुलाची साइट, म्हणजे नेम धरण्यासाठी त्याच्या वर पुढे आणि मागे बसवलेली खूण, बिघडली आहे किंवा पिस्तूल फार धक्का देते. प्रशिक्षक तेच पिस्तूल हातात घेऊन तीन-चार गोळ्या मधोमध बसवतो, आणि दोष शस्त्रात नाही हे सिद्ध होते. मग तो कोठे आहे? पोलीस सेवेत बंदुकीचे प्रशिक्षण घेताना आणि पुढे इतरांना देताना या एका प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवले, आणि त्याचे उत्तर बंदुकीच्या यांत्रिकीपेक्षा माणसाच्या मज्जासंस्थेत अधिक सापडते.

प्रथम वेळेचा हिशेब मांडू. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी सुमारे 8 ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला साधारण 350 मीटर वेगाने नळीबाहेर पडते. दहा-अकरा सेंटिमीटरच्या नळीतून जाण्यास तिला जेमतेम अर्धा मिलिसेकंद लागतो. याउलट आवाज, स्पर्श किंवा प्रकाश जाणवल्यापासून स्नायू हलेपर्यंत निरोगी तरुण माणसालाही 0.15 ते 0.2 सेकंद लागतात, म्हणजे गोळीच्या नळीतील प्रवासाच्या तीनशे ते चारशे पट वेळ. बार झाल्याचे मेंदूला कळते तेव्हा गोळी टार्गेट भेदून मागच्या मातीत शिरलेली असते. त्यामुळे धक्का बसल्यावर हात हलला आणि म्हणून नेम चुकला, हे स्पष्टीकरण टिकत नाही. नेम चुकवणारी हालचाल बाराच्या आधीच झालेली असते.

धक्क्याचे भौतिकशास्त्र तसे सरळ आहे. गोळी आणि तिच्यामागचा वायू जितका संवेग घेऊन पुढे जातात, तितकाच संवेग पिस्तूल मागच्या दिशेने घेते. सुमारे 900 ग्रॅमचे पिस्तूल त्यामुळे सेकंदाला तीन-साडेतीन मीटर वेगाने मागे येऊ पाहते. गोळीची ऊर्जा पाचशे जूलच्या आसपास असते, तर पिस्तुलाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा जूल येतात. नळी मुठीच्या वर असल्याने हा जोर मनगटाभोवती पिस्तूल फिरवतो आणि नळीचे तोंड वर उचलले जाते. म्हणूनच मूठ शक्य तितकी वर, नळीच्या जवळ धरायला शिकवतात. एका हाताने, अंग तिरपे करून गोळी झाडण्याची जुनी पद्धत पोलिसांत बराच काळ टिकली. कॅलिफोर्नियातील जॅक वीव्हर या शेरीफच्या सहायकाने 1950 च्या दशकाच्या अखेरीस स्पर्धांमध्ये दोन्ही हातांची पकड वापरून दाखवली, आणि त्यानंतर ती सर्वत्र पसरली. दोन हातांमुळे पुढची गोळी लवकर झाडता येते हे खरे, पण पहिल्या गोळीचा नेम त्याने आपोआप सुधारत नाही.

पहिली गोळी बिघडवतो तो मेंदूचा अंदाज. मोठा आवाज आणि हातावरचा झटका दोन-चार वेळा अनुभवला की मेंदू त्यांची वेळ ओळखू लागतो. चापाचा प्रवास संपत आला आहे हे बोटाला जाणवताच पुढच्या झटक्याला तोंड देण्यासाठी तो मनगट खाली दाबतो, मूठ आवळतो आणि डोळे मिटतो. पिस्तुलाचा आवाज शिखरावर 150 डेसिबलच्या वर जातो, तेव्हा शरीराने असे सावध होणे स्वाभाविकच आहे. कानातील बोळे आणि त्यावर कर्णरक्षक अशी दुहेरी काळजी घेतली तर हे बिचकणे कमी होते, हा माझा ठाम अनुभव आहे. अंतःकर्णातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. केवळ या कारणासाठीही त्या बाबतीत हयगय चालणार नाही.

बिचकणे शब्दांनी पटवून देता येत नाही, ते दाखवावे लागते. त्यासाठी प्रशिक्षक शिपायाला न सांगता मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी, म्हणजे बार न होणारी नकली काडतुसे मिसळतो. शिपाई नेम धरतो, चाप ओढतो, बार होतो. पुन्हा नेम, पुन्हा बार. आणि मग अचानक फक्त खट् असा आवाज येतो. त्या क्षणी धक्का नसतानाही पिस्तुलाचे तोंड दोन-तीन बोटे खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. अंधारात आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा शरीर जसे गडबडते, तसेच हे आहे. खरी गोळी असती तर हीच हालचाल धक्क्याखाली झाकली गेली असती आणि शिपायाने पुन्हा साइटला दोष दिला असता.

यावरचा उपाय म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने केलेला सराव. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करायची, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवायचा, पुढच्या साइटवर एक नाणे आडवे ठेवायचे आणि ते न पाडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. बार होतच नसल्याने मेंदूचा अंदाज वारंवार खोटा ठरतो आणि बोटाची हालचाल व मनगटाचे दाबणे यांची जोडी हळूहळू सुटते. दारूगोळा महाग असतो म्हणून हा सराव करतात असे पुष्कळांना वाटते, परंतु दारूगोळा मुबलक असला तरीही मी नवख्यांना आधी हाच सराव दिला असता.

चाप ओढणे इतके अवघड का, याचे उत्तर वजनांच्या तुलनेत आहे. आधुनिक पिस्तुलाचा चाप ओढायला साधारण अडीच किलो वजनाइतका जोर लागतो आणि घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) आधी न चढवता झाडलेल्या रिव्हॉल्व्हरला पाच किलोच्या आसपास. शस्त्राचे स्वतःचे वजन मात्र एक किलोही नसते. म्हणजे वस्तू स्थिर ठेवायची आणि तिच्याच एका भागावर तिच्या वजनाच्या कित्येक पट जोर लावायचा, असे हे काम आहे. बोट सरळ मागे न येता किंचित आत वळले, तर उजव्या हातातले पिस्तूल डावीकडे ढकलले जाते.

ही ढकल किती महाग पडते हे भूमितीवरून कळते. दोन साइटमधले अंतर 15 सेंटिमीटर धरले आणि पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर 7 मीटरवर गोळी सुमारे पावणेपाच सेंटिमीटर आणि 25 मीटरवर जवळजवळ सतरा सेंटिमीटर बाजूला जाते. याउलट दोन्ही साइट डोळ्याशी एका रेषेत राहून सगळे पिस्तूल एक मिलिमीटर हलले, तर 7 मीटरवर चूक सुमारे एक सेंटिमीटरचीच होते. हात थोडा थरथरणारच. त्या थरथरीवर विजय मिळवण्यासाठी धडपडणारा शिपाई टार्गेटवर योग्य क्षण दिसला की चाप खेचतो आणि लहान चुकीच्या बदल्यात मोठी चूक पदरात घेतो. थरथर चालू द्यावी, साइट जुळलेल्या ठेवाव्यात आणि चापावरचा दाब एकसारखा वाढवत न्यावा, हे सांगायला सोपे आणि अंगी बाणायला कठीण आहे.

प्रत्यक्ष चकमकीत यात ताणाची भर पडते. अॅड्रेनलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात, दृष्टी समोरच्या धोक्यापुरती आकुंचन पावते आणि अनेकांना स्वतःच्याच पिस्तुलाचा आवाज दबल्यासारखा ऐकू येतो. रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या 1998 ते 2006 या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी 18 टक्केच गोळ्या लागल्याचे आढळले. समोरून गोळीबार नसतानाही हे प्रमाण 30 टक्के होते. हे सर्व जण प्रशिक्षणाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

ताणाखाली आणखी एक धोका असतो. एका हाताची मूठ जोरात आवळली, तोल गेला किंवा माणूस दचकला, तर दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी अनवधानाने सुटणाऱ्या गोळ्यांच्या संदर्भात या तीन कारणांची मांडणी केली आहे. झाडायचे ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ ठेवण्याचा नियम याच कारणाने इतका कडक आहे. मज्जासंस्थेचा हा गुण इच्छाशक्तीने बदलत नाही, त्यामुळे बोटाची जागाच बदलावी लागते.

कॅनडातील संशोधक जोन विकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 निष्णात आणि 13 नवख्या पोलिसांच्या नजरेचा माग काढला. समोरचा माणूस गर्रकन वळत असे आणि त्याच्या हातात कधी पिस्तूल, तर कधी मोबाइल फोन असे. नवख्यांपैकी बहुतेकांनी शेवटच्या क्षणी नजर समोरच्या माणसावरून काढून स्वतःच्या साइटकडे वळवली. फोनच्या प्रसंगी 13 पैकी 8 जणांनी गोळी झाडली, तर निष्णातांपैकी फक्त 2 जणांनी. निष्णातांची नजर आधीपासून समोरच्याच्या हातांवर आणि तो शस्त्र काढील त्या जागेवर खिळलेली होती, त्यामुळे हातात काय आहे हे त्यांना वेळेवर दिसले.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि पुढच्या साइटवर नजर ठेवा असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. कागदी टार्गेटसाठी ते बरोबरच आहे. मात्र चांदमारीच्या मैदानावर ज्याला फक्त हेच शिकवले, त्याच्या हाती लागलेले कौशल्य अपुरे राहते. म्हणून सरावात अशी टार्गेटे मिसळायला हवीत ज्यांवर गोळी झाडायचीच नाही. त्यांच्या हातात फोन, पाकीट किंवा टॉर्च असावी, आणि नजर आधी हातांवर जाऊन मगच साइटकडे यावी, हा क्रम पुनःपुन्हा घोटून घ्यावा. गुण देताना फोनवाल्या टार्गेटवर न झाडलेल्या गोळीला मधल्या वर्तुळातील गोळीइतकेच गुण मिळाले पाहिजेत आणि तेथे चुकून झाडलेल्या एका गोळीने ती संपूर्ण फेरी बाद ठरली पाहिजे.