जर्मन जनरल्सची ख्याती आली कुठून, थोडी पार्श्वभूमी

जर्मन जनरल म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट दुसऱ्या महायुद्धातल्या रोमेल, गुडेरियन, मॅनस्टाइन यांच्यावर येते, मग टँक, मग ब्लिट्झक्रीग (म्हणजे टँक आणि विमानांनी केलेली झटपट चढाई), आणि मग ते ठरलेलं वाक्य की हिटलरने लुडबूड केली नसती तर हे लोक युद्ध जिंकले असते. हे वाक्य कुणी पसरवलं ते पुढे येईलच, पण आधी बरंच मागे जावं लागतं, कारण या लोकांची नेतृत्वाची पद्धत हिटलरच्या काळातली नाहीच, ती एका दणदणीत पराभवातून आली आहे.

१४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउरश्टेट अशा दोन लढाया एकाच दिवशी झाल्या आणि प्रशिया या जर्मन राज्याचं नावाजलेलं सैन्य फ्रेंचांनी धुळीला मिळवलं, महिना संपायच्या आत नेपोलियन बर्लिनमध्ये. जुना राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या पुण्याईवर जगणारे म्हातारे सेनापती आणि केवळ उमराव घरात जन्मले म्हणून झालेले ऑफिसर, कुणी काही कामाला आलं नाही. मग सैन्य सुधारायला शार्नहोर्स्ट हा अधिकारी पुढे आला, साध्या घरातला माणूस. १८०८ ला नियम झाला की ऑफिसर व्हायचं तर शांततेच्या काळात शिक्षण बघणार आणि युद्धात शौर्य आणि समज बघणार, कुळ नाही. १८१० ला बर्लिनमध्ये युद्धशाळा निघाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मोठ्या सेनापतीच्या शेजारी एक अभ्यास केलेला स्टाफ ऑफिसर बसवायची रीत पडली, सेनापती ब्ल्यूखर आणि त्याचा स्टाफ ऑफिसर ग्नायझेनाउ ही त्यातली गाजलेली जोडी.

ही रीत खरी फळाला आणली मोल्टकेने. १८५७ पासून तीस वर्षं तो जनरल स्टाफचा, म्हणजे युद्धाची आखणी करणाऱ्या या स्टाफ ऑफिसरांच्या संस्थेचा, प्रमुख होता. त्याचं म्हणणं असं की शत्रूशी गाठ पडल्यावर कुठलाच प्लॅन जसाच्या तसा टिकत नाही, म्हणून खालच्याला काय साध्य करायचं ते सांगा, कसं करायचं ते त्याच्यावर सोडा. आज जिला मिशन कमांड म्हणतात ती हीच. ३ जुलै १८६६ ला ऑस्ट्रियाविरुद्ध क्योनिगग्रेट्झच्या लढाईत वेगवेगळ्या वाटांनी आलेली सैन्यं त्याने थेट रणांगणावरच एकत्र आणली आणि निकाल लावला. त्याच लढाईतला किस्सा सांगतात की मोल्टकेचा हुकूम हातात पडल्यावर एका डिव्हिजनच्या जनरलने विचारलं, ते ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण? चार वर्षांनी सेदानला फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन पकडला गेल्यावर हा प्रश्न कुणी विचारला नाही, उलट जपानने १८८५ मध्ये मेकेल नावाच्या जर्मन मेजरला शिकवायला बोलावून घेतलं.

पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जनरल स्टाफ बंद केला आणि सैन्य १ लाखावर आणलं, त्यात ऑफिसर फक्त ४ हजार. या छोट्या सैन्याचा प्रमुख झेक्ट याने तोच स्टाफ दुसऱ्या नावाखाली चालू ठेवला, आणि सैन्य छोटं म्हणून प्रत्येकाला वरच्या हुद्द्याचं काम शिकवून ठेवलं.

त्याचा परिणाम बघायचा तर मे १९४० ची फ्रान्सवरची चढाई बघा. १३ तारखेला सेदानजवळ म्यूज नदी ओलांडायची होती आणि हुकूम लिहायला वेळच नव्हता, तेव्हा टँक तुकड्यांचा सेनापती गुडेरियन याच्या स्टाफने कोब्लेंझला केलेल्या वॉरगेममधलेच (नकाशावरच्या लढाईच्या सरावातलेच) हुकूम काढले, तारखा आणि वेळा बदलल्या आणि पाठवून दिले. सराव इतका पक्का होता की काम झालं. चार दिवसांनी वरून थांबायचा हुकूम आला तर गुडेरियनने राजीनामाच टाकला, शेवटी तडजोड झाली की टेहळणी म्हणून पुढे जा, पण मुख्यालय हलवायचं नाही. मग गडी मुख्यालय तिथेच ठेवून टेलिफोनची तार ओढत पुढे गेला, कारण वायरलेसवर बोलला असता तर वरच्यांनी ऐकलं असतं.

हे वाचताना मलाही भारी वाटतं, पण इथेच थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. नदी कशी ओलांडायची यावर वरिष्ठांशी भांडणारे हे लोक हुकूम कशासाठी आहे यावर फार कमी वेळा भांडले. २ ऑगस्ट १९३४ पासून सैन्याने शपथ घेतली ती हिटलरच्या नावाने. १९३८ ला जनरल स्टाफचा प्रमुख बेक याने राजीनामा दिला, बाकीचे राहिले. जून १९४१ चा कमिसार हुकूम, पकडलेल्या सोव्हिएत राजकीय अधिकाऱ्यांना गोळ्या घाला, सैन्याच्याच मुख्यालयांतून खाली गेला. जर्मनांच्या ताब्यातले ३० लाखांहून जास्त सोव्हिएत कैदी मेले, बरेचसे उपासमारीने. फील्ड मार्शलना हिटलरकडून पगाराशिवाय महिना ४ हजार मार्क गुपचूप मिळत होते, आणि गुडेरियनला तर पोलंडमध्ये बळकावलेली इस्टेट मिळाली. इटलीतला जर्मन सेनापती केसेलरिंग याच्या मुख्यालयातून गेलेल्या हुकमावर मार्च १९४४ मध्ये रोमजवळ एसएसच्या (हिटलरच्या पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) माणसांनी ३३५ लोक गुहेत नेऊन मारले, आणि केसेलरिंगच्याच फौजेशी आपली मराठा लाइट इन्फंट्री लढत होती. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले ते याच आघाडीवर, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना.

आता ते सुरुवातीचं वाक्य. युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागासाठी, जनरल स्टाफचा माजी प्रमुख हाल्डर याच्या देखरेखीखाली, शेकडो माजी जर्मन अधिकारी लिहायला बसले, शीतयुद्ध चालू झालं होतं आणि रशियाशी लढायचा अनुभव यांच्याकडेच होता. मॅनस्टाइनला युद्धगुन्ह्यांसाठी १९४९ ला हॅम्बुर्गमध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली, १९५३ ला तो बाहेरही आला आणि त्याने आठवणी लिहिल्या. सगळ्यांच्या लिखाणाचा सूर एकच, चुका हिटलरच्या, गुन्हे एसएसचे, आम्ही फक्त सैनिक. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडचे अनेक लेख आणि व्हिडिओ आजही नकळत याच सुरात बोलतात. १९८० ला अमेरिकनांनी बाल्क आणि मेलेनथिन या दोन म्हाताऱ्या माजी जर्मन जनरल्सना बोलावून वॉरगेम करून घेतला, आणि १९८२ च्या अमेरिकन सैन्याच्या नियमावलीत खालच्या कमांडरला मोकळीक द्यायची कल्पना ठळकपणे आली.

जर्मनीने स्वतः मात्र वेगळी वाट धरली. नव्या सैन्याचे पहिले सैनिक नेमले १२ नोव्हेंबर १९५५ ला, शार्नहोर्स्टच्या २०० व्या जयंतीला, आणि १९५६ च्या कायद्यात घातलं की ज्या हुकमाने गुन्हा घडेल तो पाळायचाच नाही. सैन्याची परंपरा काय असावी यावरच्या २०१८ च्या आदेशात तर लिहिलंय की हिटलरचं सैन्य ही संस्था म्हणून आमच्या परंपरेत बसत नाही, १८०६ नंतरचे सुधारक बसतात, हिटलरविरुद्ध उठलेले बसतात. लष्करी बराकीला रोमेलचं नाव ठेवायचं का, यावर तिथे अजून वाद होतात.