गर्ल्स ऑन आइस

गर्ल्स ऑन आइस : साधारण १६-१७ वर्षांच्या मुलींना हिमनदीवर नेऊन तेथेच विज्ञान, गिर्यारोहण आणि कला शिकवणारा, अमेरिकेत सुरू झालेला विनाशुल्क उपक्रम. हिमनदीशास्त्रज्ञ एरिन पेटिट यांनी विद्यार्थिदशेत असतानाच १९९९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतरांगेत त्याची सुरुवात केली. एका तुकडीत नऊच्या आसपास मुली असतात आणि मार्गदर्शकही सर्व स्त्रियाच असतात. डोंगर चढल्याचा अनुभव किंवा परीक्षेतले उत्तम गुण ही निवडीची अट नाही; मुलीचे कुतूहल पाहिले जाते. बूट, तंबू यांसारखी महागडी सामग्री जिच्याकडे नाही तिला ती वापरायला दिली जाते. हा तपशील किरकोळ मानू नये, कारण डोंगराची वाट पुष्कळ घरांत पैशापाशीच अडते.

मोहीम फक्त मुलींची का, याचे उत्तर हिमप्रदेशातील संशोधनाच्या इतिहासात आहे. अमेरिकेचे नौदल दीर्घकाळ स्त्री-संशोधकांना अंटार्क्टिकावर नेतच नसे. १९६९ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ लोइस जोन्स चार स्त्रियांचे पथक घेऊन तेथे गेल्या, तेव्हा ती आडकाठी दूर झाली. भारताच्या १९८३-८४ च्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरला जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अदिती पंत अंटार्क्टिकावर पोचल्या. आज अशी बंदी नसली, तरी सवयी मागे राहिल्या आहेत. मिश्र गटात जड सामान उचलणे, दोर हाताळणे, उपकरण जुळवणे ही कामे नकळत मुलांकडे जातात आणि सुवाच्य अक्षरात नोंदी करण्याचे काम मुलींकडे येते. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतही हे दृश्य अनोळखी नाही. गटात मुलगेच नसले, की स्टोव्ह पेटवण्यापासून दोर बांधण्यापर्यंतचे प्रत्येक काम कोणा ना कोणा मुलीच्याच हाती येते.

वॉशिंग्टनमधील मोहिमा माउंट बेकर या ३,२८६ मीटर उंचीच्या ज्वालामुखी पर्वताच्या दक्षिण उतारावरील ईस्टन हिमनदीवर गेल्या आहेत. हिमनदीच्या कडेला ‘रेलरोड ग्रेड’ नावाची, रेल्वेच्या भरावासारखी एकसंध चढत जाणारी हिमोढाची, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीची, लांब वरंब आहे. तिच्या माथ्यावर उभे राहिले, की आजचा बर्फ पायांखाली बराच खोल दिसतो. एके काळी हिमनदी किती जाड होती, हे तेथे कोणी समजावून सांगावे लागत नाही. बर्फावर उतरण्यापूर्वी बुटांना क्रॅम्पॉनचे दाते बसवून चालण्याचा आणि घसरल्यास हिमकुऱ्हाड रोवून स्वतःला थांबवण्याचा सराव होतो. हिमनदीवर मुली दोराने एकमेकींशी जोडलेल्या असतात. बर्फाखाली दडलेल्या भेगेत एखादीचा पाय गेला, तर बाकीच्यांनी तत्क्षणी खाली पडून तिला धरायचे असते. त्यामुळे दोर फार सैल पडू न देणे, ही प्रत्येकीची जबाबदारी ठरते.

संशोधनाचा प्रश्न मुलींनी स्वतः शोधायचा, हे या शिक्षणाचे मर्म होय. मार्गदर्शक प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी ‘हे मोजायचे कसे?’ असा उलट प्रश्न करतात. वितळलेल्या पाण्याचा वेग मोजायला महागडे यंत्र लागत नाही. संत्र्याची साल प्रवाहात सोडावी आणि ठरलेले अंतर ती किती वेळात कापते हे पाहावे. १० मीटरला ८ सेकंद लागले, तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला १.२५ मीटर येतो. मात्र तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी संथ वाहते, म्हणून सरासरी वेग त्याहून कमी धरावा लागतो, आणि हे लक्षात येताच पहिला आकडा पुन्हा तपासावा लागतो. बर्फावरची पातळ धूळ ऊन शोषून वितळणे वाढवते, तर दगडगोट्यांचा जाड थर त्याच बर्फाला पांघरुणासारखा जपतो. एकाच मातीचे हे दोन उलट परिणाम पुस्तकात वाचले तर विसंगत वाटतात. बर्फात खुंट्या रोवून बर्फ किती खाली गेला हे रोज मोजले, की आपल्याच वहीतल्या आकड्यांवरून उलगडतात. फसलेली मोजणीही वहीत राहते, आणि तसेच हवे, कारण शाळेतील ‘बरोबर उत्तर येणारा’ प्रयोग ही शिस्त शिकवत नाही. मोहिमेच्या शेवटी मुली आपले निष्कर्ष लोकांपुढे मांडतात आणि श्रोत्यांच्या शंकांना स्वतः उत्तरे देतात.

पुढे अलास्कातील गुल्काना हिमनदीवरही मोहिमा सुरू झाल्या. अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९६० च्या दशकापासून या हिमनदीची मोजमापे घेत आले आहे, त्यामुळे येथे येणारी मुलगी नकळत एका दीर्घ नोंदमालिकेच्या शेजारी आपली खुंटी रोवते. स्वित्झर्लंड आणि कॅनडातही असे गट निघाले. ‘इन्स्पायरिंग गर्ल्स एक्स्पिडिशन्स’ या व्यापक नावाखाली कयाक या छोट्या वल्ह्याच्या होडीतून फ्योर्डचा, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद, खोल खाडीचा, अभ्यास करणाऱ्या आणि खडकांवर चढाई करणाऱ्या मोहिमांचीही भर पडली. तुकड्या लहान असल्याने अर्ज करणाऱ्या बहुतेक मुलींना जागा मिळत नाही, ही उपक्रमाची खरी मर्यादा आहे. पण दोराला बांधता येतील तेवढ्याच जणी बर्फावर नेता येतात.