माळकऱ्याचं यकृत आणि तारकापेशी

नाशिकमधल्या कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी आमचा सात-आठ जणांचा घोळका असतो. त्यातल्या एका काकांनी मध्यंतरी खिशातून चार घड्या घातलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही जीवशास्त्र शिकवलंय, तुम्हीच सांगा. गळ्यात माळ आहे, पौषवारीला दरवर्षी पायी त्र्यंबकला जातो, दारूला कधी शिवलो नाही. आणि यात लिहिलंय ग्रेड वन फॅटी लिव्हर. सुनेनं वाचलं तर काय म्हणेल?"

सून काही म्हणाली नसती, पण काकांची भीती समजण्यासारखी आहे. लिव्हर बिघडलं की माणूस पिणारा, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. डॉक्टरसुद्धा कालपरवापर्यंत या आजाराला 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणत, म्हणजे नावातही दारू होतीच. २०२३ मध्ये जगभरातल्या यकृततज्ज्ञांनी ते नाव मोडीत काढलं. आता मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टीटॉटिक लिव्हर डिसीज म्हणायचं, म्हणजे चयापचय बिघडल्यामुळे यकृतात चरबी साठण्याचा आजार, थोडक्यात मॅसल्ड. जीभ अडखळते, पण निदान कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडत नाहीत.

मग पीत नसलेल्या माणसाच्या यकृतात चरबी येते कुठून? लोकांना वाटतं, तुपातून. २००५ मध्ये अमेरिकेत एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णांना खूण केलेले अणू देऊन यकृतातल्या चरबीचा माग काढला होता. सुमारे ५९ टक्के चरबी पोटावरच्या आणि इतर मेदातून रक्तात सुटून आलेली, २६ टक्के यकृतानं स्वतःच साखर-पिष्टापासून बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपाची थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे तूप सोडून मिसळीनंतरची जिलबी आणि दिवसाचे सहा गोड चहा चालू ठेवणारा माणूस चुकीचं दार बंद करतोय. द्राक्षं खाऊ नका असं मी नाशकात राहून लिहिणार नाही. मूठभर द्राक्षं वेगळी आणि ग्लासभर गाळलेला रस वेगळा, एवढंच.

तरीही चरबी साठली म्हणजे लिव्हर गेलं, असं नाही. बहुतेकांची चरबी आयुष्यभर चरबीच राहते. घात होतो तो यकृतात व्रणाचे धागे पडू लागले की. हे धागे विणते कोण, हा माझा आवडता विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

कार्ल कुफर नावाचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ १८७६ मध्ये यकृतातल्या मज्जातंतूंचा शोध घेत होता. त्यासाठी त्यानं यकृताच्या कापांना सोन्याचा क्षार लावला. मज्जातंतू राहिले बाजूला, त्याला दिसल्या फांद्या फुटलेल्या ताऱ्यासारख्या काळ्या पेशी. त्यांना त्यानं तारकापेशी म्हटलं. पुढे त्याचाच घोटाळा झाला. १८९८ मध्ये त्यानं प्राण्यांच्या रक्तात शाई सोडली, ती गिळणाऱ्या पेशी यकृतात सापडल्या आणि या त्याच तारकापेशी असं त्यानं जाहीर केलं. त्या भलत्याच होत्या. आज पाठ्यपुस्तकात 'कुफर पेशी' म्हणून ज्या येतात त्या या शाई गिळणाऱ्या. मूळ तारकापेशी सत्तर-पंचाहत्तर वर्षं विस्मरणात गेल्या. जपानच्या केंजिरो वाके यांनी १९७१ मध्ये सोन्याची जुनी पद्धत पुन्हा वापरून हा गुंता सोडवला. शोध लावावा एकानं आणि नाव लागावं दुसऱ्याचंच, हे विज्ञानात नवीन नाही. इथे दोन्ही माणसं एकच, ही गंमत.

निरोगी यकृतात ही पेशी गोदामाची राखणदार असते. शरीरातल्या एकूण अ जीवनसत्त्वापैकी जवळपास ८० टक्के यकृतात असतं आणि त्यातलं बहुतेक या पेशींमधल्या तेलाच्या थेंबांत. यकृतातल्या शंभर पेशींत या जेमतेम पाच ते आठ. अतिनील प्रकाशात धरल्या तर निळसर-हिरव्या चमकतात आणि बघता बघता विझतात.

तिची जागाही मोक्याची आहे. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती चाळणीसारख्या सच्छिद्र असतात. रक्तातला द्रव त्या भोकांतून झिरपतो आणि पलीकडच्या मुख्य पेशींना न्हाऊ घालतो, ठिबकच्या नळीतून मुळाशी पाणी जावं तसा. चाळणी आणि मुख्य पेशी यांच्यामधल्या अरुंद बोळात तारकापेशी बसलेली असते. चरबीनं गुदमरलेल्या मुख्य पेशी मरू लागल्या की त्या आणि शेजारच्या कुफर पेशी रासायनिक हाका देतात. सर्वात जोरकस हाक टीजीएफ-बीटा या प्रथिनाची. ती ऐकून राखणदार गोदाम रिकामं करते, अ जीवनसत्त्वाचे थेंब हरवतात, पेशी लांबट होते, स्नायूसारखी आकुंचन पावू लागते आणि कोलॅजन या चिवट प्रथिनाचे दोर वळत सुटते. कोलॅजन कापणारी विकरं शरीरात असतात, पण ही पेशी त्यांना अडवणारं प्रथिनही सोडते. बागेत नवे मांडव उभे करायचे आणि छाटणीची कात्री लपवून ठेवायची, असा दुहेरी कारभार. बोळ दोरांनी भरतो, चाळणीची भोकं बुजतात, रक्ताला वाट मिळेना होते. मग आतड्याकडून येणाऱ्या शिरेत दाब वाढतो, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट अडवून धरते.

आता खरी मेख. तारकापेशी यकृतातून काढून प्लास्टिकच्या बशीत ठेवली तर काही दिवसांत ती कुणी हाक न देताच चवताळते. तीच मऊ जेलवर ठेवली तर बरीच शांत राहते. म्हणजे पायाखालची जमीन कडक आहे की मऊ, हे तिला कळतं. पेशीच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन नावाची प्रथिनं दोर ओढून बघतात. दोर ताणला गेला नाही तर आत संदेश जातो. व्रणामुळे यकृत कडक होतं, कडकपणामुळे आणखी पेशी जाग्या होतात, त्या आणखी व्रण विणतात.

आणि हा कडकपणा बाहेरून मोजता येतो. कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो तशी टिचकी फायब्रोस्कॅन यंत्र बरगड्यांच्या फटीतून मारतं. त्या टिचकीची लाट यकृतातून किती वेगानं जाते ते अल्ट्रासाऊंडनं मोजायचं. कडक पदार्थात लाट वेगानं धावते. वेगाचा वर्ग, गुणिले घनता, गुणिले तीन. सेकंदाला १.३ मीटर वेग असेल तर कडकपणा साधारण ५ किलोपास्कल, म्हणजे ठीक. २ मीटर असेल तर १२, म्हणजे काळजी. बारावीचं भौतिकशास्त्र असं पोटावर कामाला येतं. सोनोग्राफीतला 'ग्रेड वन' मात्र चरबीचा अंदाज सांगतो, व्रणाबद्दल जवळपास काहीच नाही.

फायब्रोस्कॅनच्या आधीही एक फुकटचा हिशेब आहे, फिब-४. त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या रक्ततपासणीतली दोन विकरं लागतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेटच्या हजारांनी आणि एसजीपीटीच्या वर्गमुळानं. काकांचं वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट एक लाख ऐंशी हजार. बाकावर बसून मोबाइलवर केलं, १.७३ आलं. १.३ च्या खाली असतं तर मोठ्या व्रणाची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असतं तर थेट यकृततज्ज्ञाकडे. मधल्यांनी फायब्रोस्कॅन करायचं. (पासष्टीनंतर खालची रेघ २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही.)

दरम्यान ट्रॅकवरच्या दुसऱ्या एकानं काकांना कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिलाच. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळं होतं. मी वर्गात कावीळ नसलेल्या मुलांच्या हातांवर हे करून दाखवलंय. अ प्रकारची कावीळ बहुधा आपली आपण बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्याला जातं. काकांना तर कावीळ नव्हतीच! 'लिव्हर डिटॉक्स'चे काढे ही त्याचीच शहरी आवृत्ती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं यकृताला कुणी सांगितलेलं नाही.

औषधं आता खरंच आली आहेत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉमला मान्यता मिळाली. थायरॉइड संप्रेरकाची यकृतातली एक कळ दाबून ते चरबी जाळायला लावतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइडलाही या आजारासाठी मान्यता मिळाली. दोन्ही मधल्या टप्प्यातल्या व्रणासाठी, सिरॉसिससाठी, म्हणजे यकृतभर व्रण पसरल्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी, नाहीत. बातम्यांमध्ये 'क्रांती' हा शब्द वाचला, म्हणून आकडे बघा. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत ७२ आठवड्यांनी सुमारे ३७ टक्के लोकांचा व्रण कमी झाला, नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांत २२ टक्के. शंभरात पंधराएक जणांचा जादा फायदा. चांगलं आहे, क्रांती नाही. मला जास्त कुतूहल त्या २२ जणांचं वाटतं. बायोप्सीसाठी यकृताचा जो छोटासा तुकडा काढतात त्यातला योगायोग वगळला तरी काहींचा व्रण औषधाविना खरोखर विरत असणार.

कारण तारकापेशी परत फिरू शकते. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की इजा थांबवल्यावर विणकर झालेल्या पेशींपैकी बऱ्याच मरतात, पण साधारण निम्म्या पुन्हा शांत होतात. पूर्वीसारख्या मात्र होत नाहीत. पुन्हा इजा झाली तर त्या अधिक लवकर चवताळतात. माणसात वजन १० टक्के उतरलं तर अनेकांचा व्रणही ओसरतो, हे बायोप्सीत दिसलंय.

काकांचं फायब्रोस्कॅन ७.२ आलं, म्हणजे मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. वजन ८२ होतं, म्हणजे आठ किलो उतरवायचे. गेल्या आठवड्यात ७९ भरलं. ट्रॅकच्या दोन फेऱ्या वाढवल्या आहेत, गेटबाहेरचा चहा बिनसाखरेचा घेतात आणि चहावाल्याला रोज तारकापेशी समजावून सांगतात. परवा त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ते बशीतलं खरं आहे का?"