पीतज्वराचे पिवळे कार्ड : दहा वर्षांची मुदत कुठून आली, कशी गेली

११ जुलै २०१६ रोजी पीतज्वराच्या (यलो फीव्हर, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत डासांतून पसरणारा रोग) लशीच्या दाखल्यावरची दहा वर्षांची मुदत संपुष्टात आली. तेव्हापासून एकदा टोचून घेतलेली लस, निदान प्रवासापुरती तरी, आयुष्यभराची मानली जाते. जुन्या पिवळ्या कार्डावर, म्हणजे परदेशी जाताना दाखवायच्या त्या दाखल्यावर, दहा वर्षांची तारीख असली तरी ते बदलून घ्यावे लागत नाही. नैरोबी, लागोस, दार-एस-सलामला वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना, खलाशांना आणि परिचारिकांना हा बदल सोयीचाच वाटला असणार. पण तो निर्णय वाटतो तितका सरळ नव्हता, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

फिलाडेल्फियातली १७९३ ची साथ, हैतीत १८०२ साली उद्ध्वस्त झालेली फ्रेंच फौज, पनामा कालव्याचा फसलेला पहिला प्रयत्न ही पीतज्वराच्या तडाख्यांची जंत्री पुष्कळदा लिहून झाली आहे. डासामुळे हा रोग पसरतो असे हवानातल्या एका डॉक्टरने १८८१ मध्ये मांडले. त्याचे म्हणणे खरे ठरायला १९०० साल उजाडले, आणि त्या पडताळणीत अमेरिकी पथकातल्या एका डॉक्टरचा जीव गेला. त्याच प्रयोगांत स्वतःला डास चावू देणाऱ्या स्पॅनिश मजुरांकडून लेखी संमती घेतली होती. १०० डॉलर सोन्याच्या नाण्यांत, आणि ताप आला तर आणखी १००. हा करार वैद्यकीय नीतीच्या इतिहासात नेहमी कौतुकाने सांगितला जातो. परदेशात पोट भरायला आलेल्या माणसापुढे एवढी रक्कम ठेवल्यावर त्या संमतीत मोकळेपणा कितपत उरला असेल, हा प्रश्न मला त्या कौतुकापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आपल्या दृष्टीने या इतिहासाला खरे वळण १९२७ मध्ये मिळाले. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानात, २८ वर्षांच्या एका आजारी माणसाचे रक्त घेऊन ते माकडांना टोचण्यात आले. आफ्रिकेतल्या माकडांवर या रोगाचा परिणाम दिसत नव्हता, म्हणून आशियातली माकडे मागवली होती. त्यांतले ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या पायऱ्यांवर दिसणारे लाल तोंडाचे माकड, तापाने मेले. रोगजंतू जिवाणू नसून विषाणू आहे हे त्यातून ठरले. त्याआधी सुमारे दशकभर एक नामांकित जपानी संशोधक आपल्याला सापडलेला जिवाणूच रोगाचे कारण असल्याचे सांगत होता. त्याचा दावा त्यातून निकालात निघाला. पुढच्याच वर्षी अक्रा इथे पीतज्वरानेच तो गेला आणि त्याचे शवविच्छेदन करणारा सहकारीही काही दिवसांत त्याच रोगाने गेला. १९२७ चे प्रयोग ज्याच्या पुढाकाराने झाले, तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दगावला होता.

प्रयोगशाळेला हवा असलेला प्राणी त्या माकडामुळे मिळाला, पण हिंदुस्थानासाठी ती धोक्याची सूचनाही होती. इथले माकड या विषाणूपुढे टिकत नाही, रोग वाहणारा एडीस डास इथे गावोगाव आहे आणि माणसांच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. कमी होता तो फक्त विषाणू. १९३३ च्या आंतरराष्ट्रीय हवाई आरोग्य करारात पीतज्वराला मोठी जागा मिळाली ती याच धास्तीमुळे. बोटीच्या प्रवासात रोगी वाटेतच बरा तरी होई किंवा मरे. विमानाने तो अंगात ताप फुटण्याआधीच उतरू शकत होता. रोग अंगात मुरण्याचा काळ तीन ते सहा दिवसांचा असतो, आणि दाखला नसलेल्या प्रवाशाला सहा दिवस वेगळे ठेवण्याचा आपला नियम त्या हिशेबावर उभा आहे.

१९३२ मध्ये ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो प्रांतातली साथ तपासताना आणखी एक गोष्ट कळली. शहरी एडीस डास नसलेल्या रानातही पीतज्वर होता. तो माकडांत आणि झाडांवरच्या डासांत फिरत होता आणि अधूनमधून माणसाला गाठत होता. शहरातले डास मारून रोग कायमचा संपवता येईल ही आशा त्या दिवशी मावळली. रानातली माकडे मरू लागली की माणसांची पाळी जवळ आली, ही खूणही तेव्हापासून पक्की झाली.

ती खूण १९५७ मध्ये आपल्या दारात दिसली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पुण्यात १९५२ मध्ये अमेरिकी मदतीने विषाणूंच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले होते. तिथल्या माणसांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. तपासाअंती तो निराळा विषाणू निघाला, डासांऐवजी गोचिडांतून पसरणारा. कन्नडमध्ये त्याला 'मंगन कायिले' म्हणतात आणि आपण 'माकडताप'. गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात काजूच्या हंगामात ज्याची भीती असते तो हाच. पीतज्वराच्या शोधात निघालेल्यांना आपल्याच रानातला एक अनोळखी रोग सापडला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला महाराष्ट्राचा सर्वांत ठोस धागा हाच आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो.

नावांचा घोळ इथेच सोडवलेला बरा. पीतज्वरात डोळे-कातडी पिवळी पडते म्हणून कित्येक जण त्याला कावीळच समजतात. हे दोन रोग वेगळे आहेत, पण त्यांची एकदा फार वाईट गाठ पडली. घानातल्या त्या माणसाच्या रक्तातला विषाणू कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला, तेव्हा ८९ व्या आणि ११४ व्या पिढीच्या दरम्यान कुठेतरी त्याचा जहालपणा गेला. तीच '१७डी' लस. १९३७ पासून ती ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली, आणि आजही तीच वापरात आहे. लस टिकावी म्हणून सुरुवातीला तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळत. १९४२ मध्ये त्या रक्तद्रवातून अमेरिकी सैनिकांना कावीळ झाली. सुमारे ५० हजार जण आजारी पडले आणि संसर्ग झालेल्यांचा अंदाज नंतर सव्वातीन लाखांच्या पुढे गेला. ती 'ब' प्रकारची कावीळ होती, हे सिद्ध व्हायला १९८० चे दशक उजाडले. लशीतून मानवी रक्तद्रव मात्र १९४२ च्या त्या प्रकारानंतरच कायमचे गेले.

आता मुदतीचा प्रश्न. दाखला दहा वर्षे चालेल हे १९६० च्या दशकात ठरले. दहा वर्षांनी प्रतिकारशक्ती संपते असे कुणी सिद्ध केले नव्हते. तोवर तपासलेल्या लोकांत ती निदान तेवढी टिकलेली दिसली, इतकाच त्याला आधार होता. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे रक्त ३० ते ३५ वर्षांनी तपासले, तर ८० टक्क्यांहून अधिक जणांत प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडली. तरीही नियम तसाच राहिला. किमान मुदत म्हणून घातलेला आकडा कमाल मुदत म्हणून वापरात रुळला, आणि पन्नास वर्षे त्याला कुणी हात लावला नाही.

२०१३ मध्ये जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञ गटाने एकच डोस आयुष्यभर पुरतो असे सांगितले. त्यांचा मुख्य पुरावा असा : ६० कोटी डोस दिल्यावर लस घेऊनही पीतज्वर झाल्याची फक्त १२ प्रकरणे नोंदली गेली, आणि ती सगळी लस घेतल्यापासून पाच वर्षांच्या आतली. शक्ती वर्षांगणिक ओसरत असती तर पंधरा-वीस वर्षांनी आजारी पडणारे दिसले असते. मे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे, या दाखल्याबद्दलचे सातवे परिशिष्ट बदलले आणि दोन वर्षांची सवलत देऊन ते २०१६ मध्ये लागू झाले.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे साधे होते. १२ हा आकडा नोंदींचा आहे. जिथे पीतज्वर आहे, तिथे प्रत्येक तापाचे रक्त तपासले जातच नाही. शिवाय अशा भागात राहणाऱ्याला विषाणू अधूनमधून भेटत राहतो, त्याची शक्ती आपोआप उजळते. मुंबईहून दहा वर्षांतून एकदा कंपालाला जाणाऱ्याचे तसे नसते. तिसरा आणि सर्वांत जड आक्षेप बाळांबद्दलचा. अगदी लहान वयात गोवराच्या लशीबरोबर ही लस दिली तर प्रतिसाद कमी पडतो, आणि काही वर्षांतच बऱ्याच मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे उरत नाहीत, असे ब्राझीलच्या अभ्यासांत दिसले होते. अमेरिकेनेही २०१५ मध्ये एका डोसचे तत्त्व मान्य करताना गरोदरपणात लस घेतलेल्या स्त्रिया, एचआयव्हीबाधित अशा काहींना वगळले.

निर्णयामागे पुराव्याइतकाच पुरवठ्याचाही विचार होता, हे मान्य करायला हवे. लस अजून अंड्यांतच वाढते, ती बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना पहिलाच डोस मिळालेला नसताना प्रवाशांनी आणि श्रीमंत देशांनी दुसरा-तिसरा घेणे मला पटत नाही. म्हणून मी या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण प्रौढ प्रवाशासाठी बेतलेला नियम नऊ महिन्यांच्या बाळाला लावणे चूक होते, आणि ती चूक आधीच दिसत होती.

नियम लागू व्हायच्या आतच त्याची कसोटी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलात लुआंडाजवळ साथ सुरू झाली, ती काँगोत शिरली, आणि २०१६ मध्ये ११ बाधित कामगार अंगोलातून चीनला परतले. आशियात पीतज्वराचे रुग्ण नोंदले जाण्याची ती पहिली वेळ. दाखल्याची भिंत अशी फुटली, तरी चीनमध्ये तो स्थानिक डासांतून पसरला नाही. किन्शासात ऑगस्टमध्ये लस इतकी कमी पडली की ७० लाखांहून अधिक लोकांना डोसचा पाचवा हिस्सा टोचून भागवावे लागले.

ब्राझीलमध्ये लगेच पुढची साथ आली. २०१६ च्या अखेरीस सुरू होऊन ती साओ पाउलो आणि रिओच्या वेशीपर्यंत पोचली, दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले. एप्रिल २०१७ मध्ये, साथ चालू असतानाच, त्या देशाने दहा वर्षांनी डोस देणे बंद करून एका डोसचे धोरण स्वीकारले. २०२० मध्ये मात्र मुलांसाठी ते बदलले. नऊ महिन्यांना एक आणि चार वर्षांना दुसरा असे दोन डोस आता तिथल्या वेळापत्रकात आहेत. पिवळ्या कार्डावर त्या दुसऱ्या डोससाठी अट नाही.

आशियात हा रोग का रुजला नाही याचे एकच ठाम उत्तर अजून मिळालेले नाही. डेंग्यू आणि तत्सम विषाणूंमुळे अंगात थोडी आड-संरक्षक शक्ती (एका रोगाविरुद्धची ताकद दुसऱ्यालाही थोडी अडवते अशी) असते, इथला एडीस हा विषाणू तितक्या सहज वाहत नाही, पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटांवर रोगच कमी होता, असे वेगवेगळे तर्क आहेत. शेवटच्या तर्काला १९६० ते १९६२ या काळात मोठा धक्का बसला. एडनच्या आखातापलीकडे, इथिओपियात, तेव्हा सुमारे ३० हजार माणसे पीतज्वराने गेली असा अंदाज आहे. तरीही तो आपल्या किनाऱ्याला लागला नाही. मुंबईच्या विमानतळावर आजही कार्ड तपासले जाते, नसेल तर सहा दिवस विलगीकरण होते, आणि नियमावलीप्रमाणे प्रवाशांच्या वावराच्या जागेभोवती किमान ४०० मीटरपर्यंत डासांची पैदास रोखायची असते. त्या ४०० मीटरपलीकडच्या शहरात दर पावसाळ्यात डेंग्यू असतो, आणि तो वाहणारा डास तोच आहे.