हृदयात छिद्र, फुप्फुसांत दाब: मुंबईत मुलाच्या उपचारासाठी अर्ज कुठे, कागद कोणते

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘व्हीएसडी’ (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं छिद्र) किंवा ‘पीडीए’च्या (जन्मानंतर बंद न झालेल्या रक्तवाहिनीच्या) शेजारी ‘पीएएच’ (फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब) लिहिलं असेल, तर कागद जमवायला त्याच दिवशी लागा. छिद्रातून जादा रक्त फुप्फुसांत जात राहतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या जाड होत जातात. म्हणूनच मोठं छिद्र साधारण पहिल्या वर्षाच्या आत बंद करतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत दाब आणखी लवकर चढतो. फार उशीर झाला तर रक्त उलटं वाहू लागतं, ओठ-नखं निळी पडतात आणि मग छिद्र बुजवणंच जिवावर बेततं. त्या वेळी मंजुरीपत्र हातात असूनही उपयोग नसतो.

अंगणवाडीतल्या किंवा पालिका शाळेतल्या मुलाचं काम बरेचदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होतं. त्यात 0 ते 18 वर्षांची मुलं येतात आणि जन्मजात हृदयविकारही येतो. कार्यक्रमाच्या तपासणी पथकाने मुलाला तपासलं नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा.

मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. (‘आमचं केशरी नाही’ म्हणून परत फिरणारे आजही भेटतात!) रेशनकार्ड, पालकांचं आधार, इको आणि झाली असेल तर कॅथची (रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयातला दाब मोजण्याच्या तपासणीची) फाइल घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा. दाब किती आहे आणि ऑक्सिजन दिल्यावर उतरतो का, हे कॅथमध्ये कळतं. ऑपरेशन करायचं की नाही ते त्यावर ठरतं, त्यामुळे तो रिपोर्ट हरवू नका. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढलं नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा फोटो द्या. नाव चढवण्यासाठी रेशन ऑफिसात महिना घालवू नका. पूर्वमंजुरीचा अर्ज रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं. अडलं तर योजनेची हेल्पलाइन 155388.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथूनही नाही झालं तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. त्यासाठी विहित अर्ज, डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक, 1 लाख 60 हजारांच्या आतला चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्ण दाखल असल्याचा फोटो जोडा. लहान मुलाला आईचं आधार चालतं.

बाहेरगावाहून हृदयाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांना रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सवलत मिळते, सोबतच्या एकालाही.

घोडं अडतं ते औषधांवर. फुप्फुसांतला दाब उतरवणारी सिल्डेनाफिल, बोसेंटान महिनोनमहिने चालतात आणि योजनेतली औषधं डिस्चार्जनंतर थोडेच दिवस मिळतात. म्हणून डिस्चार्जआधीच रुग्णालयाच्या सोशल वर्करकडे मदतीचा वेगळा अर्ज द्या. बोसेंटान चालू असेल तर दर महिन्याच्या लिव्हर तपासणीचा खर्चही त्यात लिहायला सांगा.